आधी टाकी, मग फायटर

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी फायटर मासा आहे? आणि कुणाकुणाच्या घरी 'होता'?

वर्गात हे दोन प्रश्न विचारले की पहिल्याला चार हात वर येतात आणि दुसऱ्याला चौदा. गोष्ट बहुतेकांची सारखीच असते. दुकानात प्लॅस्टिकच्या ग्लासांची रांग मांडलेली. प्रत्येक ग्लासात एकेक मासा, निळा, लाल, जांभळा, शेपटी अगदी नवरीच्या शालूसारखी. हट्ट होतो, मासा घरी येतो. एक काचेची बरणी, तळाशी रंगीत खडे, एक प्लॅस्टिकचं फूल. दर रविवारी बरणी मोरीत रिकामी करायची, खडे खसाखसा घासायचे, नळाचं ताजं पाणी भरायचं आणि मासा परत आत सोडायचा. एवढी स्वच्छता ठेवूनही तिसऱ्या-चौथ्या रविवारी मासा तळाशी कलंडलेला दिसतो. मग घरातले मोठे म्हणतात, "जाऊ दे रे, फायटर टिकतच नाहीत."

हे खरं नाही बरं का! नीट सांभाळला तर फायटर दोन ते चार वर्षं सहज जगतो. म्हणजे तुम्ही पाचवीत असताना आणलेला मासा तुम्ही आठवीत जाईपर्यंत सोबत राहू शकतो. मग तो महिन्याभरात का जातो? पाणी बदललं नाही म्हणून, की बदललं म्हणून?

उत्तर ऐकून गंमत वाटेल. दोन्ही कारणांनी!

आधी या पाहुण्याची ओळख करून घेऊ. फायटरचं खरं नाव बेट्टा. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. हे नाव ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० साली दिलं. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. त्याचं माहेर थायलंड. तिथे त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. आपला जसा मोर, तसा त्यांचा हा मासा. मात्र रानातला बेट्टा दिसायला अगदी साधा असतो. तपकिरी-हिरवट रंग, आखूड शेपटी. दुकानातले झगमगीत रंग आणि लांब झालरी माणसांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून तयार केल्या आहेत.

रानातला बेट्टा राहतो भातखाचरांत, दलदलीत, संथ ओढ्यांत. पाणी उथळ, गवत-झुडपांनी भरलेलं. इथेच लोकांचा गैरसमज होतो. 'हा मासा तर चिखलाच्या डबक्यात राहतो, मग बरणी काय वाईट?' पण खाचराचं पाणी आठवा. खोली घोट्यापर्यंत असेल, पण पसारा केवढा! बांधापासून बांधापर्यंत सगळं त्याचं अंगण. तिथली माती, मुळं, शेवाळ पाणी निवळत असतात. बरणीत यातलं काहीच नसतं.

तरीही तो ग्लासात जिवंत राहतो कसा? त्याची करामत डोक्यात आहे. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्याला घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात, म्हणजे भूलभुलैया. फायटर वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि या घड्यांमधून प्राणवायू शोषून घेतो. आपल्याकडची मरळ पाहिली आहे ना? बाजारात कोळीणमावशींच्या टोपात थोड्याशा पाण्यात ती तासन्तास वळवळत असते. तीही हवेतून श्वास घेते. फायटर त्याच मोठ्या गोतावळ्यातला. मोठ्या झालेल्या फायटरला अधूनमधून वर यावंच लागतं. म्हणून टाकी कधीही काठोकाठ भरायची नाही.

तेव्हा दुकानातल्या ग्लासात तो जगतो तो सुखात असतो म्हणून नव्हे, त्याला हवा पिता येते म्हणून. दुसरा एखादा मासा त्या ग्लासात लवकरच गुदमरला असता. फायटर तग धरतो, आणि आपल्याला वाटतं, 'बघा, किती मजेत आहे!'

आता पाण्याकडे वळू. गाईच्या गोठ्यात सकाळी लवकर गेलात तर नाकात झिणझिण्या आणणारा एक वास येतो. तो अमोनियाचा. मासासुद्धा अमोनिया बाहेर टाकतो, आणि तो बहुतेक कल्ल्यांतून, अगदी श्वासागणिक. शिवाय विष्ठा आणि न खाल्लेलं अन्न कुजतं, त्यातूनही अमोनियाच निघतो. टाकीत तो इतका थोडा असतो की ना दिसतो, ना वास येतो. पाणी काचेसारखं नितळ दिसतं आणि मासा मात्र विषात पोहत असतो. कल्ले जळजळतात, लाल होतात. पाणी जितकं गरम, तितका हा अमोनिया जास्त जहरी.

वाटीभर आमटीत चमचाभर मीठ पडलं तर काय होईल? तोंडात घालवणार नाही. तेच मीठ मोठ्या पातेल्यात पडलं तर कुणाला कळणारही नाही. मासा तोच, अमोनिया तेवढाच. दोन लिटरच्या बरणीत तो वीस लिटरच्या टाकीपेक्षा दहापट दाट होतो. म्हणून टाकी मोठी हवी. ती काही माशाला मिरवण्यासाठी नाही.

मोठ्या टाकीतही अमोनिया साचतोच. त्याची विल्हेवाट कोण लावतं? डोळ्यांना न दिसणारे सफाई कामगार, म्हणजे जिवाणू. एका प्रकारचे जिवाणू अमोनिया वापरून त्याचं नायट्राइट बनवतात. तेही विषारीच, पण मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट खूप साचलं तरच माशाला त्रास देतं. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'नत्रचक्र' असतं ना, तेच हे चक्र, टाकीत चालणारं.

आता नीट लक्ष द्या. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात खडीला, काचेला, झाडांच्या पानांना आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजला. आता रविवारची ती घासपूस आठवा. खडे नळाखाली घासले, बरणी साबणाने धुतली, सगळं लख्ख केलं. म्हणजे काय केलं? सफाई कामगारांची सगळी वस्ती मोरीत ओतून दिली! वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. आपल्याला जंतूंपासून वाचवायला ते घातलेलं असतं, पण ते या जिवाणूंना मारतं आणि माशाच्या कल्ल्यांनाही भाजतं. शिवाय जुन्या पाण्यातून एकदम वेगळ्या, गार पाण्यात पडल्याने मासा हादरतो तो वेगळाच. पाणी बदललंच नाही तर अमोनिया मारतो आणि असं बदललं तर हा धक्का मारतो. म्हणून फायटरच्या बाबतीत 'सगळं पाणी बदलू नका, थोडं थोडं नेमाने बदला' हेच खरं.

मग टाकी कशी मांडायची? गणिताची वही काढा. लांबी ४० सेंटीमीटर, रुंदी २५, उंची २५. तिन्हींचा गुणाकार २५,०००. हजाराने भागा. २५ लिटर. आपण पाणी भरणार २० सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे बरोबर २० लिटर. फायटरला हे छान पुरतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे नुसतं पाणीच वीस किलो, वर काच आणि खडी. तेव्हा पुस्तकांच्या डुगडुगत्या फळीवर टाकी ठेवायची नाही. खिडकीतही नको. ऊन आलं की पाणी तापतं आणि शेवाळ माजतं. टाकीवर झाकण हवंच, कारण फायटर उडी मारण्यात पटाईत असतो. झाकणाला हवेसाठी फटी मात्र असू द्या.

तळाशी बारीक, गुळगुळीत खडी, साध्या पाण्याने धुतलेली. साबण कुठेही नाही, कधीही नाही. टाकीसाठी बादली आणि मगसुद्धा वेगळा ठेवा. फिल्टर हवा स्पंजचा, हवेच्या छोट्या पंपावर चालणारा. फायटरच्या लांब शेपटीला जोराचा प्रवाह सोसत नाही. मंद बुडबुडे पुरे. प्लॅस्टिकचं झाड घालायची फार हौस असेल तर आधी जुन्या ओढणीचा तुकडा त्यावरून फिरवा. ओढणीचा धागा अडकला तर माशाचे परही फाटणार. त्यापेक्षा खरी झाडं बरी. जावा फर्न, अनुबियास अशी झाडं कमी उजेडातही जगतात आणि नायट्रेट खातात.

आणखी एक वस्तू, तीही फुकटात. कोकणात, मुंबईत कितीतरी शाळांच्या आवारात बदामाचं झाड असतं. तेच ते, ज्याची फळं मधल्या सुट्टीत दगडाने फोडून खातात. त्याची पानं लाल होऊन गळतात. झाडाखाली पडलेलं पूर्ण वाळलेलं पान स्वच्छ धुऊन टाकीत टाकलं की पाण्याला फिकट चहासारखा रंग येतो. थायलंडमध्ये बेट्टा पाळणारे हीच पानं वापरतात. पानातल्या टॅनिनमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होतं, आणि माशाला लपायला आडोसाही मिळतो. मात्र रस्त्याच्या धुरातलं किंवा कीटकनाशक मारलेल्या झाडाचं पान घेऊ नका.

टाकी मांडून झाली. लगेच मासा आणायचा? इथेच सगळी परीक्षा आहे. नाही आणायचा. फिल्टर चालू ठेवायचा आणि रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं. ते कुजतं, अमोनिया तयार होतो आणि तो खाणारे जिवाणू हळूहळू वस्ती करतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. कुणा मित्राकडे निरोगी माशांची जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. तो विरजणासारखा काम करतो. काम लवकर होतं. दुकानात पाणी तपासण्याचं किट मिळतं. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं की टाकी तयार. त्याआधी मोठ्या प्रमाणात पाणी बदलून घ्या आणि मग दुकानाची वाट धरा.

आई-बाबांनो, एक सांगावंसं वाटतं. वाढदिवसाला मासा भेट द्यायचा विचार असेल तर वाढदिवसाच्या दिवशी टाकी द्या, मासा महिन्याने आणा. मूल कुरकुर करेल. पण रिकाम्या टाकीकडे रोज बघणारं, वहीत तारखा लिहिणारं मूल पुढे पाणीही नेमाने बदलतं, हा आम्हा शिक्षकांचा अनुभव आहे. आणि लग्नमुंजीत, पार्टीत पिशवीतले मासे वाटण्याची जी टूम निघाली आहे, ती तर बंदच व्हावी असं मला वाटतं.

मासा घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखं होईल. मग पिशवीत टाकीतलं थोडं थोडं पाणी दोन-चारदा घाला. शेवटी जाळीने मासा अलगद आत सोडा. दुकानातलं पाणी टाकीत ओतू नका. आणि एक टाकी, एकच नर! दोन नर एकत्र आले तर मरेपर्यंत भांडतात. मादीसुद्धा त्याच्यासोबत कायमची ठेवता येत नाही. त्याला 'एकटं वाटेल' ही आपली समजूत. कधीतरी मिनिटभर आरसा दाखवा, कल्ल्यांची झाकणं फुलवून केवढा रुबाब करतो पाहा. पण रोज तासभर नको, तो थकतो.

आता पाणी बदलायचा दिवस. शनिवारी संध्याकाळी बादलीत पाच-सहा लिटर पाणी भरून उघडं ठेवा. चोवीस तासांत, मधूनमधून ढवळलं तर, क्लोरीन उडून जातं. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते असं जात नाही. त्यासाठी आणि घाईच्या वेळी दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालायचं. बोअरच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतं, पण ते बहुधा जड असतं, पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात तसं. फायटर तेही सोसतो, फक्त आज बोअरचं, उद्या नळाचं असं करू नका. आणि पिण्याचं आर.ओ.चं पाणी शुद्ध म्हणून नुसतं तेच भरू नका. त्यात माशाला लागणारे क्षार जवळजवळ नसतात.

रविवारी आधी मोठ्यांना सांगून हीटर आणि पंपाची पिनं काढायची. पाणी उतरलं की तापलेल्या हीटरची काच तडकते. मग एक पारदर्शक नळी घ्या. तोंडाने ओढू नका हं, ते पाणी पोटात जायला नको. नळी पूर्ण टाकीत बुडवा, आतली हवा निघून जाऊ द्या, एका टोकावर अंगठा घट्ट दाबा आणि ते टोक जमिनीवरच्या बादलीत आणून अंगठा काढा. पाणी धो धो वाहू लागेल! नळीचं बाहेरचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे तोवर पाणी थांबत नाही. हाच सायफन. आतलं टोक खडीवरून फिरवलं की तळाची घाणही निघून येते. वीस लिटरमधलं पाच लिटर काढलं की बास. चौथा हिस्सा, आठवड्यातून एकदा.

ते काढलेलं पाणी ओतू नका. त्यातच स्पंज दोन-तीनदा पिळा, नळाखाली नाही. कारण? तुम्हीच सांगा! मग ते पाणी कुंड्यांना घाला. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. आता बादलीतलं पाणी हाताला टाकीइतकंच कोमट लागतंय का पाहून मगाने सावकाश, एखाद्या बशीवरून आत सोडा. मासा सगळा वेळ टाकीतच राहील. त्याला बाहेर काढायची गरजच नाही.

ज्यांच्याकडे आत्ता या क्षणी बरणीत फायटर आहे, त्यांनी काय करायचं? घाबरू नका. मोठी टाकी आणा, फिल्टर लावा, मासा तिच्यात हलवा. जिवाणूंची वस्ती होईपर्यंत रोज किंवा एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला आणि खाणं कमी ठेवा. मासा शेपटी मिटून तळाशी पडून राहतो, रंग फिका पडतो, कल्ले लाल दिसतात किंवा परांच्या कडा झिजतात, अशी लक्षणं दिसली तर औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासा. बऱ्याचदा दुखणं पाण्यातच असतं.

फायटरला २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. मुंबई-कोकणात बहुतेक महिने हे आपोआप साधतं. नाशिक-नागपूरकडच्या थंडीत मात्र छोटा हीटर आणि एक तापमापी हवीच. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट काळजी. टाकी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात हलवा. पण भरलेली टाकी उचलू नका, काच निखळते.

राहिलं खाणं. फायटर मांसाहारी आहे. रानात किडे, डासांच्या अळ्या खातो. त्याच्यासाठी मिळणारे बारीक दाणे सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन, एवढंच. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं असं समजा. पोळीचे तुकडे, भाताची शितं अजिबात नकोत. दोन मिनिटांत न खाल्लेलं काढून टाका, कारण उरलेलं अन्न म्हणजे पुन्हा अमोनियाच.

आणि सुट्टीत मामाच्या गावाला जाताना? तीन-चार दिवस तर धडधाकट फायटर उपाशीही राहू शकतो. जास्त दिवस जाणार असाल तर जायच्या आदल्या दिवशी पाणी बदला आणि शेजारच्या काकूंना खाऊ घालायला सांगा. पण खाद्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नका. काकू प्रेमळ असतात, मासा वर येऊन तोंड उघडतो, आणि चमचाभर दाणे टाकीत जातात. त्यापेक्षा कागदाच्या छोट्या पुड्या बांधा, प्रत्येकीत एका दिवसाचे चार दाणे, वर वार लिहिलेला. डबा मात्र तुमच्या कपाटात कुलूप लावून जा.